घरच्या घरी मेक्सिकन साल्सा: चिरून, भाजून, उकडून

मेक्सिकोत टाकोच्या, म्हणजे सारण भरून दुमडलेल्या मक्याच्या पातळ पोळीच्या, टपरीवर उभं राहिलं की समोर किमान दोन वाडगी दिसतात, एक लाल साल्साचं आणि एक हिरव्या. टाको हातात आला की आपल्याला झेपेल तेवढी साल्सा वरून घालायची आणि लगेच खायला लागायचं. आपल्याकडे बाटलीत मिळणारी घट्ट, गोडसर लाल साल्सा खाऊन काही मत झालं असेल तर ते बाजूला ठेवा. टपरीवरच्या त्या वाडग्यांत टोमॅटो, मिरची, कांदा, लसूण, कोथिंबीर, मीठ आणि कधी लिंबू, यापलीकडे सहसा काही नसतं.

तरीही प्रत्येक टपरीची चव वेगळी. माल एकच, पण कुणी तो कच्चाच चिरतं, कुणी उकडतं, कुणी कोरड्या तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजतं, कुणी सुकी मिरची शेकून भिजवतं. माझं ठाम मत आहे की साल्सा शिकायची तर पाककृती पाठ करण्यापेक्षा या चार क्रिया हातात बसवाव्यात. एकदा त्या जमल्या की घरात जे असेल त्यातून साल्सा होते.

मिरची आणि टोमॅटो या दोन्हींचा मेक्सिकोशी संबंध फार जुना आहे. १६व्या शतकात बेर्नार्दिनो दे साआगुन या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने तिथल्या लोकांकडून माहिती गोळा करून जो मोठा ग्रंथ सिद्ध केला, त्यात बाजारात मिरची-टोमॅटोचे तयार रस्से विकणाऱ्यांचं वर्णन आहे. कांदा, लसूण, कोथिंबीर, लिंबू हे सगळं १५२१ नंतर स्पॅनिश लोकांबरोबर तिकडे पोचलं. मिरची उलट दिशेने निघाली आणि पोर्तुगिजांबरोबर गोव्यात उतरली. त्यामुळे एका फळाचा अपवाद सोडला तर साल्साचं सगळं सामान आपल्या मंडईत मिळतं. त्या एका फळाबद्दल पुढे येईलच.

मंडईत काय बघायचं

टोमॅटो दोन प्रकारचे घ्या. कच्च्या साल्साला लांबट, घट्ट, कमी रसाचे; भाजून करायच्या साल्साला पूर्ण पिकलेले, थोडे मऊ पडलेले चालतात, उलट तेच बरे. टोमॅटो फ्रिजमध्ये ठेवू नका. थंडीत त्यांचा वास मरतो, आणि ज्या पदार्थात जेमतेम पाच जिन्नस आहेत तिथे एकाचा वास गेला की लगेच कळतं. बाहेर टोपलीत ठेवून पिकवा.

कांदा पांढरा. मेक्सिकोत साल्सात जवळजवळ नेहमी पांढराच कांदा पडतो, कारण त्याचा तिखटपणा स्वच्छ असतो आणि तोंडात रेंगाळत नाही. उन्हाळ्यात अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा येतात तेव्हा कच्च्या साल्सासाठी तो जरूर वापरा. तो मेक्सिकन कांद्यापेक्षा गोडसर असतो, पण काम उत्तम करतो. लालच असेल तर बारीक चिरून गार पाण्यात दोन-तीनदा धुवून निथळून घ्या.

मिरचीसाठी तिकडे हालापेन्यो आणि सेरानो या दोन हिरव्या मिरच्या रोजच्या वापरात असतात. तिखटपणा मोजायच्या स्कोव्हिल मापात हालापेन्यो साधारण २,५०० ते ८,००० आणि सेरानो १०,००० ते २३,००० भरते. सेरानोच्या जागी आपली नेहमीची हिरवी मिरची चालते, फक्त सुरुवातीला कमी घाला. मिरचीचा जाळ बियांत नसून आतल्या पांढऱ्या शिरांत असतो. तिखट कमी हवं असेल तर त्या शिरा सुरीच्या टोकाने खरवडून काढा. नुसत्या बिया झटकून फारसा फरक पडणार नाही. मिरच्या चिरल्यावर हाताला आधी थोडं तेल चोळा आणि मग साबणाने धुवा, कारण तो जाळ पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो.

लिंबाच्या बाबतीत आपलं नशीब चांगलं. मेक्सिकोत ज्याला नुसतं लिमोन म्हणतात ते छोटं, पातळ सालीचं लिंबू म्हणजे आपलं कागदी लिंबूच. अमेरिकेत राहणाऱ्यांनी मोठ्या पिवळ्या लिंबाऐवजी हिरवं लिंबू घ्यावं.

कच्ची: पिको दे गायो

ही सगळ्यात सोपी म्हणून समजली जाते आणि सगळ्यात जास्त वेळा हीच बिघडते. चार मध्यम टोमॅटो (साधारण ४०० ग्रॅम), अर्धा पांढरा कांदा, दोन हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर, एक लिंबू, अर्धा छोटा चमचा मीठ.

आधी कांदा आणि मिरची अगदी बारीक चिरून वाडग्यात घ्या, त्यावर लिंबू पिळा, मीठ घाला आणि दहा मिनिटं तसंच राहू द्या. आंबटाने कांद्याचा उग्रपणा जातो आणि मिरचीचा तिखटपणा रसात उतरतो. तेवढ्या वेळात टोमॅटो चिरा. सुरीला धार हवी. बोथट सुरीने टोमॅटो चिरडतो आणि ताटलीतच निम्मा रस सांडतो. फोडी हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या, शक्यतो सारख्या. टोमॅटो फार रसाळ असतील तर निम्म्या टोमॅटोंचा मधला गर काढून ठेवा आणि पुढच्या भाजलेल्या साल्सात वापरा. कोथिंबीर कोवळ्या देठांसकट चिरा, देठांतच खरा वास असतो. सगळं अलगद कालवा, चव घ्या, पाच-दहा मिनिटांनी वाढा.

मिठाने टोमॅटोला पाणी सुटणारच. म्हणून ही साल्सा पाहुणे आल्यावर करायची, सकाळी करून ठेवायची नाही. तासाभराने वाडग्याच्या तळाशी रस साठला तर तो ओतून टाकू नका. तो चमच्याने पिऊन पाहा, मग टाकावासा वाटणार नाही. वाढताना झाऱ्याने वरचं उचललं की झालं.

भाजलेली लाल: तव्यावर आणि खलात

एकच साल्सा शिकायची असेल तर ही शिका. मेक्सिकन स्वयंपाकाचा आत्मा मला हिच्यातच दिसतो.

चार-पाच पिकलेले टोमॅटो, तीन हिरव्या मिरच्या, सालीसकट लसणाच्या दोन मोठ्या पाकळ्या, पांढऱ्या कांद्याची बोटभर जाड एक चकती, पाऊण छोटा चमचा जाडं मीठ. वरून घालायला थोडा बारीक चिरलेला कच्चा कांदा आणि कोथिंबीर.

तिकडे भाजायला कोमाल म्हणजे मातीचा किंवा लोखंडाचा सपाट तवा वापरतात. आपला बिडाचा तवा अगदी योग्य. नॉनस्टिक तवा वापरू नका. कोरडा ठेवून इतका तापवण्यासाठी तो बनलेला नसतो. तवा मध्यम आचेवर चांगला तापू द्या. तेल नाही, पाणी नाही. टोमॅटो पुसून कोरडे करून, देठाची बाजू खाली करून ठेवा.

आता घाई करू नका. पहिली तीन-चार मिनिटं काहीच घडत नाही असं वाटतं. मग खालून बारीक चर्र आवाज येतो, साल तव्याला चिकटते आणि कडेने रस झिरपून तव्यावरच करपायला लागतो. त्या क्षणी टोमॅटो हलवावासा वाटतो, पण हलवलात तर साल फाटून तव्यालाच राहते. साल नीट काळी झाली की टोमॅटो स्वतःहून सुटतो. चिमट्याने फिरवा आणि पुढची बाजू खाली घ्या. बारा-पंधरा मिनिटांत चारी बाजूंनी काळे डाग पडतात, फळ बसकं होतं, बोटाने दाबलं तर आतपर्यंत मऊ लागतं. गॅसच्या ज्योतीवर भरताच्या वांग्यासारखं भाजायचा मोह होतो, पण टोमॅटो लहान असल्यामुळे ज्योतीवर त्याची साल जळते आणि आतला गर कच्चाच राहतो. तवाच बरा.

बाकीचं त्याच तव्यावर कडेला. मिरच्यांना पाच-सहा मिनिटं लागतात. फुटू नयेत म्हणून प्रत्येकीला सुरीने एक बारीक चीर द्या. लसूण सालीतच सात-आठ मिनिटं, म्हणजे आतून वाफेवर शिजतो आणि कडवट होत नाही. कांद्याची चकती दोन्ही बाजूंनी तपकिरी होऊ द्या. डाग काळे हवेत, पण अख्खं फळ कोळसा झालेलं नको. साधारण एक तृतीयांश साल काळी, एवढा अंदाज धरा. काळी साल सगळी सोलून काढू नका. फार जळकी तेवढी काढा, बाकीची वाटणात जाऊ द्या. धुरकट चव तिच्यातूनच येते.

वाटायला मेक्सिकोत मोल्काहेते असतो, म्हणजे काळ्या बेसॉल्ट दगडाचा तीन पायांचा खल. ग्वानाह्वातो राज्यातलं कोमोनफोर्त आणि हालिस्को राज्यातलं सान लुकास एव्हानहेलिस्ता ही गावं त्यांच्या घडणावळीसाठी ओळखली जातात. बाजारात सिमेंटचे नकलीही मिळतात, त्यांच्यापासून सावध राहा. खरा मोल्काहेते कुणी आणून दिलाच, तर पहिल्यांदा त्यात मूठभर कोरडे तांदूळ वाटा, पीठ करडं निघेल ते टाकून द्या आणि पीठ पांढरंशुभ्र निघेपर्यंत हे करत राहा. शेवटी लसूण आणि जाडं मीठ वाटून धुवून टाका. साबण कधीच लावायचा नाही, दगड तो पिऊन घेतो.

आपल्याकडचा खोल दगडी खल हेच काम करतो. पाटा-वरवंटा असेल तर लसूण-मिरची पाट्यावर वाटा आणि टोमॅटो मात्र वेगळ्या वाडग्यात कुस्करा, नाहीतर रस सगळा ओट्यावर वाहील.

वाटण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी मीठ आणि सोललेला लसूण, कारण मिठाच्या खड्यांनी लसणाची गुळगुळीत पेस्ट होते. मग देठ काढलेल्या मिरच्या, त्या पूर्ण मोडेपर्यंत. मग भाजलेला कांदा. टोमॅटो सगळ्यात शेवटी आणि एकेक करून. एकदम सगळे टाकले तर बत्त्याखाली काही सापडतच नाही आणि रस उडतो. टोमॅटो वाटायचे नाहीत, दाबून मोडायचे. साल्सात गराचे तुकडे दिसले पाहिजेत. तव्यावर आणि ताटलीत साठलेला रसही यातच. वरून कच्चा कांदा आणि कोथिंबीर, मीठ चाखून पाहा. टोमॅटो आंबट असतील तर लिंबाची गरज नसते.

मिक्सर वापरणार असाल तर भाजलेलं सगळं आधी पूर्ण गार करा. गरम माल बंद भांड्यात फिरवला तर वाफेने झाकण उडतं आणि भाजायची पाळी आपली. मिक्सर सलग फिरवू नका. बटण दाबा-सोडा, दाबा-सोडा, चार-पाच वेळा पुरे. सलग फिरवलं की हवा मिसळून रंग गुलाबट होतो आणि चव फेसाळ, सपक लागते.

हिरवी: साल्सा वेर्दे

हिरव्या साल्साचं मुख्य फळ म्हणजे तोमातियो. कागदी आवरणात गुंडाळलेलं, हिरवं, आंबट. रसभरी याच कुळातली, तिचं आवरण पाहिलं असेल तर तोमातियो लगेच ओळखता येईल. अमेरिका-कॅनडात राहणाऱ्या मराठी मंडळींना तो कुठल्याही मेक्सिकन दुकानात ताजा मिळतो. आवरण घट्ट भरलेलं असेल असे, फार मोठे नसलेले घ्यावेत. भारतात ताजा क्वचितच दिसतो, पण बी मिळालं तर कुंडीत टोमॅटोसारखाच वाढतो. एक मात्र लक्षात ठेवा: एकट्या झाडाला स्वतःच्या परागाने फळ धरत नाही, म्हणून किमान दोन झाडं शेजारी लावा.

आठ-दहा तोमातियो (साधारण ४०० ग्रॅम), दोन सेरानो किंवा हिरव्या मिरच्या, पाव कांदा, लसणाची एक पाकळी, अर्धी वाटी कोथिंबीर देठांसकट, मीठ.

आवरण काढून फेका. फळाला एक चिकट थर असतो, तो कोमट पाण्यात चोळून धुवा. पातेल्यात फळं आणि मिरच्या बुडतील एवढं पाणी घेऊन मंद उकळी आणा. इथे डोळा ठेवायचा तो रंगावर. चकचकीत पोपटी रंग मावळून फळं मळकट हिरवी झाली की गॅस बंद. याला आठ-दहा मिनिटं लागतात. फळं फुटेपर्यंत उकडली तर आंबट रस पाण्यात जातो आणि साल्सा पाणचट होते. झाऱ्याने काढून गार करा, कांदा-लसूण-मिरचीबरोबर मिक्सरमधून काढा, कोथिंबीर अगदी शेवटी घालून दोनदाच फिरवा म्हणजे तिचा रंग राहतो. सरसरीत हवी असेल तर फळं उकडलेलं थोडं पाणी घाला. लिंबू नको, फळात आंबटपणा भरपूर असतो.

न उकडता सगळं कच्चंच मिक्सरमधून काढलं की आणखी टवटवीत, झणझणीत साल्सा होते. त्यातच अर्धा पिकलेला अव्होकाडो फिरवला तर टाकोवर घालायची मऊ हिरवी साल्सा तयार.

तोमातियो मिळतच नसेल तर? पूर्ण कच्चे हिरवे टोमॅटो तव्यावर भाजून घ्या, त्यात चार-पाच रसभऱ्या आणि अर्ध्या लिंबाचा रस घाला. चव तंतोतंत जुळत नाही, तोमातियोचा फळासारखा आंबटपणा वेगळाच आहे. पण नुसत्या हिरव्या टोमॅटोपेक्षा ही बरीच जवळ जाते. डब्यातले तोमातियो आयात मालाच्या दुकानात मिळाले तर ते आधीच शिजलेले असतात, परत उकडू नका.

सुक्या मिरचीची

मेक्सिकोत मिरची सुकली की तिचं नावही बदलतं: पोब्लानो सुकली की आंचो, हालापेन्यो धुरावर सुकवली की चिपोत्ले. रंगासाठी ग्वाहियो आणि जाळासाठी चिले दे आर्बोल ही जोडी साल्सात फार चालते. आपल्याकडे ग्वाहियोच्या जागी ब्याडगी, आणि आर्बोलच्या जागी लवंगी किंवा संकेश्वरी.

पाच ब्याडगी आणि दोन-तीन लवंगी ओल्या फडक्याने पुसा, देठ आणि बिया काढा. खिडकी उघडा, पंखा लावा. ठसका सगळ्या घराला लागतो. मंद तव्यावर मिरच्या उलथन्याने दाबून एकेका बाजूने पंधरा-वीस सेकंदच शेका. वास सुटला आणि साल जराशी फिकी पडली की उचला. काळी पडलेली मिरची सरळ टाकून द्या, तिचा कडूपणा पुढे कशानेही जात नाही. गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवा, मग वर सांगितल्याप्रमाणे भाजलेले तीन टोमॅटो, दोन लसूण पाकळ्या आणि मीठ घालून बारीक वाटा. भिजवलेलं पाणी चाखा; कडवट नसेल तरच वापरा. ब्याडगीची साल चिवट असते, म्हणून ही साल्सा गाळणीतून गाळली तर टाकोवर छान पसरते.

मेक्सिकोतल्या युकातानकडची श्नीपेक नावाची कच्ची साल्सा करायची असेल तर बारीक चिरलेला लाल कांदा आणि टोमॅटो, अगदी कणभर हबानेरो मिरची आणि आंबट संत्र्याचा रस, एवढंच लागतं. आंबट संत्रं नसेल तर साध्या संत्र्याचा आणि लिंबाचा रस निम्मा-निम्मा घ्या. हबानेरो स्कोव्हिल मापात १ लाखाच्या पुढे जाते, त्यामुळे कणभर म्हणजे खरंच कणभर.

चव बसवणं आणि ठेवणं

साल्सा नुसती चमच्याने चाखली तर थोडी खारट आणि थोडी जास्त तिखट लागली पाहिजे, कारण ती खायची आहे तोर्तिया म्हणजे मक्याच्या अळणी पोळीबरोबर, अंड्यावर किंवा भाजलेल्या मांसावर. तिखटजाळ झाली तर साखर घालू नका. आणखी एक भाजलेला टोमॅटो किंवा थोडा अव्होकाडो घाला. पातळ झाली तर उकळून आटवण्यापेक्षा वरचा रस काढून घ्या. जिरेपूड, व्हिनेगर, केचप यांची या ताज्या साल्सांत गरज नाही. जिरं घातलं की चव मेक्सिकोच्या सीमेपलीकडे टेक्ससकडे जाते.

पिको दे गायो त्याच दिवशी संपवा. भाजलेली आणि उकडलेली साल्सा स्वच्छ काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये तीन-चार दिवस चांगली राहते. बाहेर टेबलावर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, आणि आपल्या उन्हाळ्यात एकच तास. लोणच्यासारखी ही बरणी फडताळात ठेवायची नसते. तिच्यात टिकवणारं तेल नाही आणि आंबटही पुरेसं नाही. फ्रिजमधून काढल्यावर लगेच मीठ घालू नका, गारव्याने चव दबलेली असते. अर्धा तास बाहेर ठेवून मग चाखा. तोमातियोची हिरवी साल्सा फ्रिजमध्ये जेलीसारखी घट्ट बसते, कारण फळात पेक्टिन असतं. ती बिघडलेली नसते. दोन चमचे पाणी घालून ढवळली की पुन्हा सरसरीत होते.